तळ्याचं पाणी तळ्यात

स्नेहल, मधी बोलू नकोस. चहा थंड झाला तर होऊ दे, दुसरा सांगू. तू नुसतं ऐक. एका दमात सांगितलं तरच माझ्याच्यानं सांगून होणार हाय. थांबले की रडू येतंय का हसू, ते मलाच कळत न्हाय.

मार्च एंडला आमच्या ऑफिसात काय होतंय तुला म्हायतीच हाय. ह्याचं बिल न्हाय, त्याची सही न्हाय, आणि सगळे आदिती, आदिती करत माझ्याच टेबलापाशी. त्यात घरी आक्का. आक्का म्हणजे माझी आत्या, तात्यांची थोरली बहीण. लग्न झालं आणि वर्षाच्या आत कुंकू पुसून माघारी आली, ती आमच्यातच राहिली. जैन आम्ही सगळेच, पण हिची व्रतं कसली कडक. पाणी दुहेरी फडक्यातनं गाळलेलंच पाहिजे, जेवण दिवस मावळायच्या आत, आणि आईच्या हातचं पाणी तर चालतच न्हाय. का, तर आईनं एकदा अंधार पडल्यावर चहा घेतलेला तिनं बघितला. मी तवा शाळेत होते. तवापासनं आक्काचं पाणी मीच गाळते. सकाळी गाळून निघायचं, सांजचं ऑफिसातनं पळत येऊन तिला वाढायचं, आणि परत ऑफिसात जाऊन बसायचं. मला कुणी दमलीस का म्हणून विचारलं न्हाय, आणि विचारलं असतं तर मी न्हाय म्हटलं असतं. सवय गं.

तर एका दुपारी मी स्कुटी काढायला खाली आले, तर तिच्या आडवी एक गाडी लावलेली. टेम्पो ट्रॅव्हलर, पण खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, टपावर पाण्याची टाकी, आणि मागं दोरीवर चक्क टॉवेल वाळत घातलेला. मालकाचा पत्ता न्हाय. दाराची लोखंडी पायरी तेवढी खाली सोडलीती. म्हटलं, टेकूया जरा, येईलच... आणि मी झोपले. भर शाहूपुरीत, हमाल, हातगाड्या, रिक्षा ह्या सगळ्यात, डोकं दाराला लावून ठार झोपले.

जाग आली तर समोर एक जण उभा. एका हातात किल्ली, एका हातात चहाचा रिकामा कप. आणि असा तिरका उभा राहिलाता, की त्याची सावली बरोबर माझ्या तोंडावर. मला आधी कळलंच न्हाय. तो हलला आणि डोळ्यावर ऊन आलं, तवा कळलं.

“ओ पावणं,” तो म्हणला, “झोप झाली असंल तर गाडी काढू का?”

मी अशी तापले. गाडी आडवी तुम्ही लावायची, वर मलाच विचारायचं, आणि उठवायचं तरी की. तर म्हणतो, उठवणार होतो, पण तोंड बघितलं आणि म्हटलं, हिला आत्ता उठवलं तर ही कुणाचातरी जीव घेणार.

मला हसू आलं गं. किती दिवसांनी.

त्याचं नाव विजयसिंह. गारगोटीचा. घरची शेती हाय, म्हशी हायत, आणि ही गाडी त्यानं जुनी घेऊन स्वतः बनवलेली. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, एवढंसं बेसिन. माणसं बसवायची आणि गारगोटीच्या पुढं धरणाच्या काठावर न्हेऊन मुक्काम करायचा. गावातली लोकं त्याला तळंच म्हणतात. दाखवता दाखवता सहज म्हणला, हाटेलात जायचं काम न्हाय, आपली चूल, आपली भांडी, आपलं पाणी. आणि मला एकदम आक्का आठवली. आक्का आयुष्यात कुंभोजच्या बाहुबलीला गेली, श्रवणबेळगोळला गेली, बास. बाकी कुठं जाणार? कुणाच्यात पाणी घेत न्हाय, कुठं राहणार?

आता मधे वृषभ येतो. हसू नकोस, ऐक. वृषभचं स्थळ तवाच आलंतं. दोन गल्ल्या सोडून त्यांचं पाईपचं दुकान हाय. चांगला हाय गं तो. वाईट असता तर बरं झालं असतं. शांत, नीट बोलणारा, आणि त्याच्या आईनं काय सांगितलं माहिती हाय? लग्नानंतर आक्कालाही आमच्यातच आणा, त्यांचा स्वयंपाक येगळा ठेवू, पाण्याची सवय मोडायला नको. झालं. आमच्या घरात सगळ्यांना वाटलं, हे देवानंच धाडलं. आईनं तर पेढ्याचं पण ठरवून टाकलं. मी होय म्हणायचं तेवढं राहिलंतं. सोमवारी सांगते म्हटलं. मनात काय होतं सांगू? काहीच न्हाय. होय म्हणायचा कंटाळा आणि न्हाय म्हणायचा त्याहून कंटाळा. न्हाय म्हटलं की का, कशासाठी, सतरा जणांना सांगत बसायचं. होय म्हटलं की निदान सगळे गप तरी होतील.

म्हणून तात्यांना म्हटलं, सोमवारच्या आधी मी आक्काला घेऊन दोन दिवस तळ्यावर जाऊन येते. तात्या न्हाय म्हणणार होते, पण आक्का कधीच पिशवी भरून बसलीती. फडकं, कळशी, लोटा, तिची तांब्याची भांडी. शेजारच्या बायकांना सांगत सुटलीती, मी चाकाच्या घरात राहायला चाललोय म्हणून.

तळं म्हणशील तर एप्रिलात निम्मं आटलेलं. भोवतीनं नुसता माळ. पिवळं गवत गुडघ्याएवढं, आणि वारं आलं की सगळा माळ एका अंगावरनं दुसऱ्या अंगावर होतोय असं वाटतं. एका काठाला तंबूवाले, त्यांचा स्पीकर, कोंबडी भाजल्याचा धूर. विजयसिंहनं गाडी पार दुसऱ्या काठाला न्हेली. आणि लावताना चारदा पुढं-मागं केली. म्हटलं, पार्किंग जमत न्हाय व्हय? त्यानं परत रिव्हर्स टाकला. सांजचं मला कळलं. शेगडीपुढची खिडकी बरोबर मावळतीला आणलीती, म्हणजे आक्काला जेवता जेवता दिसावं अजून किती दिवस शिल्लक हाय.

तो स्वतः तंबूवाल्यांच्यात जेवायला गेला. तिकडं मटण होतं. येताना तळ्यात बुडी मारून, ओल्या केसांनी आला, आणि गाडीच्या बाहेरच सतरंजी टाकून पडला. आक्का खिडकीतनं बघत होती. मला म्हणली, “आंघोळ करून आलाय. कुणी सांगितलं न्हवतं.” आणि तोंड फिरवून जपाची माळ ओढत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काय झालं बघ. जेवून मी पलंगावर आडवी झाले, खिडकीत तळं चमकत होतं. डोळा लागला. उठले तर खिडकीत तळंच न्हाय. आंब्याचं झाड. मला वाटलं मी अजून स्वप्नातच हाय. खाली उतरले तर चाकांच्या पुढं दगड, आणि विजयसिंह घामानं निथळत बसलाय. झालंतं असं, की ऊन सरकत गाडीवर यायला लागलं. इंजिन चालू केलं तर मी उठणार. म्हणून ह्यानं दोन मासेमारी करणाऱ्यांना बोलवलं, गाडी न्यूट्रलला टाकली आणि ढकलत ढकलत उतारानं झाडाखाली आणली. आणि आत आक्का! तोंडावर बोट ठेवून, दुसऱ्या हातानं खुणा करत, डावीकडं, उजवीकडं, थांब. ते मासेवाले तिला कंडक्टर आज्जी म्हणायला लागले.

मी म्हटलं, “एवढं कशाला केलं?”

तो म्हणला, “तुम्ही झोपताय ते मला बघवत न्हाय, आणि उठवणं त्याहून न्हाय. काय करू मग?”

आणि मग माझ्याकडं बघितलंच न्हाय. दगडच नीट लावत बसला... लावलेलेच दगड, परत परत.

रविवारी निघायचं होतं. सकाळी मी तळ्यातनं कळशी भरली, आक्काचं पाणी गाळलं. आता आमच्यात एक असतं, नीट ऐक. गाळून झालं की फडक्यावर जे राहतं, डोळ्याला दिसत पण न्हाय असले जीव, ते गाळलेल्या पाण्यानंच लोट्यात उतरवून घ्यायचे. त्याला जिवाणी म्हणतात. आणि ती जिवाणी जिथनं पाणी घेतलं तिथंच न्हेऊन हळूच सोडायची. ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात. मी हे रोज करते. डोळे मिटून करते. पण त्या दिवशी लोटा बेसिनात झाकून ठेवला आणि तेवढ्यात विजयसिंहनं हाक मारली, माळावर गाडी चालवून बघणार का म्हणून. मी स्टिअरिंगला, हा शेजारी, आक्का मागं धरून बसलेली. गियर पडंना. त्यानं माझ्या हातावर हात न्हाय ठेवला हां, फक्त दोन बोटं गियरच्या दांड्याला लावली, माझ्या बोटांच्या खाली. आणि माझं सगळं आयुष्यच त्या दांड्यात आलं बघ. आम्ही तळ्याला अर्धा फेरा मारला. हसत हसत सामान आवरलं आणि निघालो.

परतीच्या वाटेवर मुदाळ तिट्ट्याला उसाचा रस प्यायला थांबलो. आक्का म्हणली, मला माझं पाणी दे. मी तांब्या द्यायला गेले आणि बेसिनात तो लोटा. झाकलेला. हाय तसा.

आक्कानं तांब्या तोंडाला लावलाच होता. माझ्याकडं बघितलं, लोट्याकडं बघितलं, आणि तांब्या खाली ठेवला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणली, ते परत गेल्याशिवाय मला पाणी नको. आणि डोळे मिटून बसली. एप्रिलातली दुपार, स्नेहल. पत्रा तापलेला. ओठ सुकलेले तिचे.

विजयसिंहला सगळं सांगितलं. मला वाटलं हसंल. तो विचारात पडला आणि आक्काला म्हणला, इथनं जवळच वेदगंगा हाय, ती त्याच धरणातनं येती, पाणी तेच हाय, पुलाखाली सोडलं तर चालंल का? आक्कानं डोळे न उघडता विचारलं, “तुला गारगोटीतनं उचलून कोल्हापूरच्या स्टँडवर सोडलं, तर तू घरी पोचलास व्हय?”

“न्हाय पोचलो,” तो म्हणला. आणि गाडी वळवली.

डिझेल किती, वेळ किती, सांजचं त्याचं दुसरं भाडं होतं ते. एक अक्षर बोलला न्हाय. फोन काढून त्या भाड्याला नको म्हणून सांगितलं आणि खिशात टाकला. मी पुढं त्याच्या शेजारी बसले, लोटा मांडीत धरून. त्याला घाई होती, कारण दिवस मावळला की आक्का पाणी पण घेणार न्हाय, रात्रभर कोरडी. आणि तरी प्रत्येक खड्ड्याला गाडी अशी उतरवत होता, जशी मागं बाळंतीण बसलीय. एकदा हिसका बसला तर मलाच विचारलं, “सांडलं न्हाय ना?” मी झाकण उचलून बघितलं. नुसतं पाणी. त्यात काय दिसतंय? पण तो पण वाकून बघत होता गं. तोंड एवढं गंभीर करून... मी खिडकीबाहेर बघायला लागले. डोळ्यात पाणी का येतंय ते त्याला कसं सांगायचं.

पोचलो तवा सूर्य डोंगराच्या वर हातभर. मी पळत खाली गेले, गुडघाभर पाण्यात शिरले, लोटा पाण्याला टेकवून हळूच सोडला. मग ताजं पाणी भरलं, गाळलं, पुन्हा जिवाणी सोडली. आक्कानं तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला. तोंड पुसून म्हणली, आता तुम्ही दोघं जरा लांब जाऊन बसा, मी चार चुरमुरे खातो. लांब जाऊन बसा म्हणली. आक्का!

आम्ही काठाला बसलो. मधे एक माणूस बसंल एवढी जागा सोडून. लांब कुठंतरी वळवाचा पाऊस गुरगुरत होता, पण आला न्हाय. मग त्यानं विचारलं, सोमवारी काय सांगणार? आक्कानं त्याला वृषभचं सगळं सांगितलंतं.

मी म्हटलं, “होय म्हणून टाकणार. दमले मी.”

तो गवताची काडी मोडत बसला. मग म्हणला, “आदिती, दमून दिलेलं होय देऊ नकोस. त्या बिचाऱ्यानं काय पाप केलंय?”

अहो-जाहो संपलं तिथंच. त्याला पण कळलं न्हाय, मला पण न्हाय.

मग सांगितलं त्यानं. मी पायरीवर झोपले तवापासनं गाडी रोज तिथंच लावतोय. शाहूपुरीत त्याचं काहीएक काम न्हाय. चहावाल्याला पण कळलंय, एक मलाच कळलं न्हवतं. आणि लगेच म्हणला, खोटं सांगणार न्हाय, माझ्या घरात मटण शिजतं. आई तुझं येगळं ठेवंल, ती तशी हाय. पण आक्का तुझ्या हातचं पाणी घेणार न्हाय मग. ते मला बदलता यायचं न्हाय.

मी म्हटलं, “मग मी काय करू, ते तूच सांग. मला ठरवायचा पण शीण आलाय.”

“म्हणूनच सांगत न्हाय,” तो म्हणला. “मला पण दमून होय म्हणू नकोस. घरी जा, झोप. पोटभर झोप. उठल्यावर जे तोंडात येईल ते खरं. तोंडात ‘न्हाय’ आलं, तर मी गाडी लावायची बंद करीन, एवढंच.”

आणि घरी आणून सोडलं. पायरी खाली केली, आक्काला हात दिला. आक्कानं हात धरला त्याचा.

मी किती झोपले कुणास ठाऊक. उठले तवा ऊन स्वयंपाकघरात आलंतं. टेबलाशी तात्या, पुढ्यात फोन, आई उभी. आणि कोपऱ्यात पाटावर आक्का. सकाळपासनं पाणी न्हाय. कोण गाळणार? मला उठवायला आई दोनदा निघालीती, आक्कानं उठवू दिलं न्हाय.

तात्यांनी विचारलं, काय कळवू त्यांना? माझं अंग इतकं हलकं होतं, स्नेहल. डोकं एकदम स्वच्छ. आणि तोंडात एकच नाव. मी सांगून टाकलं. वृषभला न्हाय, आणि का न्हाय ते पण. कोण, कुठला, कुठल्या जातीचा, सगळं.

तात्यांनी फोन उलटा करून ठेवला. आई रडली न्हाय, नुसतं एवढंच म्हणली, “आणि आक्काचं पाणी कोण गाळणार?”

बास. मी हजार भांडणं करायच्या तयारीनं बसले होते, पण हे... हे तर मलाच पाठ होतं.

तेवढ्यात पाट सरकल्याचा आवाज आला. आक्का उठली. कळशी दोन्ही हातांनी उचलली. तिचे हात कापतात गं, भरला तांब्या पण नीट धरता येत न्हाय तिला. घागरीच्या तोंडाला फडकं घातलं, एक पदर घसरला, तो परत नीट केला. वतायला लागली. निम्मं घागरीत, निम्मं फरशीवर. लुगडं भिजलं, आईच्या पायापर्यंत पाणी गेलं. मी पुढं झाले. हात गेलाच माझा कळशीपाशी. मला माहिती होतं, आत्ता ही कळशी धरली की झालं. आई श्वास सोडंल, तात्या फोन सरळ करतील, आणि उद्या सकाळी मीच पाणी गाळत असेन.

मी दोन्ही हात मागं न्हेले. एका हातानं दुसरा धरून ठेवला.

आक्कानं गाळून घेतलं. फडकं उलटं करून लोट्यात जिवाणी उतरवली. मग एक तांब्या प्याली, सावकाश, तिथंच पाण्यात उभी राहून. तोंड पुसलं आणि आईला म्हणली, “झालं. आता पोरीला अडवायला दुसरं कायतरी शोधा.”

कुणी हसलं न्हाय. मी गॅलरीत जाऊन त्याला फोन लावला. होय म्हटलं. तर म्हणतो, जागी हायस नव्हं? म्हटलं, अशी जागी मी कधीच न्हवते.

पण आज सकाळी पण तिनंच गाळलं, स्नेहल. आज पण निम्मं सांडलं. मी दाराआड उभी होते, हात मागं धरून. तात्या अजून माझ्याशी बोलत न्हायत, आई नुसती फरशी पुसते. मला त्याच्याकडं जायचंय, हे तर ठरलंय. पण तो कळशीचा आवाज आला की माझे हात थांबत न्हायत गं.

तू तिथं असतीस तर? खरं सांग. धरली असतीस कळशी? काय केलं असतंस तू?